सगळं हिरवं, हौद कोरडा

चहा घ्या आधी. मी एकदा सुरू झालो की मधे थांबत नाही, आणि हा किस्सा ऐकताना घोट घशात अडकायची भीती आहे. माती खाल्ली हो मी! तीही गुपचूप घरात नाही. डोक्याला फेटा, गळ्यात हार, समोर अख्खी कॉलनी, अशा थाटात खाल्ली!

पण एक आधीच सांगून ठेवतो. यंत्र माझं होतं आणि यंत्र लई भारी होतं. त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

तुम्ही सोलापूरचे असाल तर पुढचं समजावायला नको. बाहेरचे असाल तर ऐका. आमच्याकडं जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं. कधी येणार ते नळालाच ठाऊक. आलं की थोडाच वेळ टिकतं, तेवढ्यात अंगणातला हौद भरून घ्यायचा. चुकलात तर बादली घेऊन शेजारी जायचं. शेजारी "घ्या की, आपलंच हाय" म्हणतो, पण ज्या तोंडानं म्हणतो ते तोंड बघवत नाही.

म्हणून पाण्याच्या दिवशी आम्ही घर सोडत नाही. लग्नाला का आला नाहीत? पाणी होतं. साखरपुड्यातनं मधेच का उठलात? पाणी होतं. कुणी रागावत नाही. रागावणाऱ्याच्या घरीपण नळ असतोच की!

आमच्या घरी पाण्याची राखण आईकडं. बायको स्वाती शाळेत शिकवते. मी घरातनंच एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो, पण कानाला हेडफोन, नळ फुटून दारातनं नदी वाहिली तरी मला पत्ता नाही. मग राहिली कोण? आई. तिची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, माढ्याला असते. काही लांब नाही. पण कित्येक वर्षं झाली, आई तिच्याकडं एक रात्र मुक्कामाला राहिलेली नाही. सकाळी जाणार, जेवणार, आणि हात वाळायच्या आत "पानी आलं तर?" म्हणून पिशवी उचलणार.

मावशीच्या पिंकीचं डोहाळजेवण ठरलं तेव्हा मावशीनं फोनवर सुनावूनच टाकलं. "अक्के, मुक्कामाला येनार असशील तरच ये. घड्याळ बगत बसनार असशील तर येऊ नको."

आई फोन ठेवून उठली. भाकरी थापत बसली. पण त्या दिवशी भाकऱ्या जरा जाड आल्या, आणि मला लई वाईट वाटलं. अरे, मी परदेशातल्या लोकांचे प्रोग्रॅम लिहितो, आणि माझी आई एका नळापायी बहिणीकडं झोपू शकत नाही?

म्हटलं, बास! डोहाळजेवणाला अजून अवकाश होता. बसलोच.

काय बनवलं माहितीये? नळाच्या पाइपाला एक छोटं सेन्सर. पाइपात पाणी आलं की ते घरातल्या कॉम्प्युटरला सांगणार, आणि कॉम्प्युटर कॉलनीतल्या सगळ्यांच्या फोनवर मेसेज सोडणार: "पाणी आलं! हौदाचा नळ उघडा." पाणी गेलं की तसा मेसेज. हौदांनाही एकेक सेन्सर बसवलं, एखाद्याचा वाहायला लागला तर त्याचाही मेसेज. पहिल्यांदा मेसेज गेला आणि दारं अशी धडाधड उघडली की काय सांगू, मी गच्चीवर उभा राहून बघत होतो. छाती फुगून बनियन आखडला!

पुढच्या पाण्यालाही मेसेज बरोबर. त्याच्या पुढच्यालाही. आमचे शेजारी आणि कॉलनीचे चेअरमन बिराजदार काका, बँकेतनं रिटायर झालेले, घरात आईशी-बायकोशी कन्नड आणि दारात आमच्याशी मराठी. ते येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दत्ता, सत्कार करायचा तुझा. शेजारच्या कॉलन्यांच्या लोकांना पण बोलवू. बघू देत की त्यांना, आपल्याकडं काय माणूस राहतोय!"

मी "कशाला, कशाला" म्हटलं. दोनदाच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं आणि त्यांनी खरंच रद्द केला तर?

आता इथं थोडं माझ्या धंद्यातलं ऐका. सोपं आहे. प्रोग्रॅम नीट चालतोय का बघायला आम्ही चाचण्या लिहितो. कॉम्प्युटरला खोटंच सांगायचं, "समज, पाणी आलं," आणि मेसेज जातो का ते बघायचं. गेला तर पडद्यावर हिरवी ओळ, नाही तर लाल. अशा मी ढीगभर चाचण्या लिहिल्या होत्या. बनवत होतो तेव्हा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलं होतं: ‘सराव’. म्हणजे सगळे मेसेज फक्त माझ्या फोनवर. चाचण्या चालवल्या की माझा फोन खिशात नाचायचा. सगळं पक्कं झाल्यावर मी ते सेटिंग बदलून केलं ‘खरं’. म्हणजे मेसेज सगळ्या कॉलनीला.

बदलल्यावर पुन्हा चाचण्या चालवल्या. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं हिरवं! आणि कुणाचा फोन वाजला नाही. माझासुद्धा नाही.

आता शहाण्या माणसानं इथं थांबायला पाहिजे होतं की नाही? चाचणीत मेसेज जातो, तर मग फोन वाजला का नाही? माझ्याही मनात आलं होतं हो! पण मी काय म्हटलं? "वा, दत्ता! काय प्रोग्रॅम लिहिलायस! चाचणी कुठली आणि खरं कुठलं, त्याचं त्याला कळतंय!"

कळतंय कसलं डोंबल! त्याचं असं असतं. चाचण्या चालवणारं जे साधन असतं, ते आळशी असतं. प्रोग्रॅममध्ये काही बदल नसेल तर ते पुन्हा चाचणी घेतच नाही. मागच्या वेळचा निकाल जपून ठेवलेला असतो, तोच काढून दाखवतं. वेळ वाचतो. प्रोग्रॅममध्ये मी अक्षरही बदललं नव्हतं. बदललं होतं ते बाहेरचं सेटिंग. त्याच्याकडं बघ म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे गेल्या वर्षीचा रक्ताचा रिपोर्ट वाचून डॉक्टरनं यंदा "ठणठणीत आहात" म्हणावं, तसलं ते हिरवं होतं.

आणि मी रोज सकाळी ते हिरवं बघत होतो. आई रोज विचारायची, "नीट चालतंय न्हवं रं?" मी रोज चाचण्या चालवायचो आणि रोज सांगायचो, "एक नंबर, आई!"

सत्काराचा रविवार उजाडला. डोहाळजेवण सोमवारी. आई सकाळीच इरकल नेसून, ओटीची पिशवी भरून तयार.

"आई, माझा सत्कार बघून दुपारनं जा की."

"मी हितं थांबले तर लोक काय म्हनतील? ह्याच्या मशीनवर ह्याच्या आईचाच इस्वास न्हाय. मी जाते. तूच सांग समद्यांना, माजी आई मुक्कामाला गेली म्हनून."

सांगतो काय तुम्हाला, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. स्टँडवर सोडून निघालो तर एसटीच्या खिडकीतनं ती मला फोन हलवून दाखवत होती. आवाज मोठा केलाय, हे सांगायला.

कार्यक्रम मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात. भिंतीवर पांढरी चादर लावून त्याच्यावर माझ्या लॅपटॉपचा पडदा. बिराजदार काकांनी फेटा बांधला, हार घातला, आणि सत्काराचा सोलापुरी टॉवेल हातात धरून भाषण सुरू केलं. "दत्ताच्या आई आज माढ्याला मुक्कामाला गेल्यात! ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?" टाळ्या! मी मान खाली घातली, पण फेटा वर ठेवून.

पहिल्या रांगेत शेजारच्या कॉलनीच्या चेअरमन माने मॅडम बसल्या होत्या. हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. मी थाटात म्हटलं, "रोज सकाळी मी सगळ्या चाचण्या घेतो. बघा." बटण दाबलं. फटकन सगळं हिरवं! मांडवात "आहाहा" झालं.

माने मॅडमनी चष्मा वर केला. "झालं?"

"झालं."

"इतक्या लवकर? माझ्या वर्गात एखाद्यानं पाटीवर हात न टेकवता गणित सोडवलं, तर मी आधी शेजाऱ्याची पाटी बघायची. तपासलं का खरंच, का नुसतं म्हणालं?"

लोक हसले. मला झोंबलं. माझ्या प्रोग्रॅमवर संशय? तोही माझ्या सत्कारात?

"मॅडम, ह्यानं जुने निकाल जपून ठेवलेत म्हणून लवकर होतंय. थांबा, तुमच्यासमोर जुने निकाल पुसून टाकतो. पहिल्यापासून सगळं घेतो. मग तर झालं?"

"दत्ता, राहू दे की," काका म्हणाले.

"नाही काका. होऊन जाऊ दे!"

झालं. पुसलं, आणि बटण दाबलं.

पहिला फोन वाजला काकांच्या खिशात. मग त्यांच्या मागच्या रांगेत. मग सगळ्या मांडवात टिंग टिंग टिंग! "पाणी आलं! हौदाचा नळ उघडा."

आता सोलापूरच्या माणसाला हा मेसेज दाखवून "खुर्चीवर बसून राहा" म्हणून बघा! मांडव रिकामा व्हायला किती वेळ लागला असेल? शेजारच्या कॉलनीवालेपण पळाले, लाइन एकच ना! फोटोवाल्यानं कॅमेरा उचललेला, त्याच्या फोटोत मी, फेटा, आणि मागं नुसत्या खुर्च्या आल्यात. तो फोटो घरी आहे, दाखवतो नंतर. एक आजोबा चप्पल सोडून पळाले. वाढपी पोह्यांचं पातेलं तसंच टाकून गेला, त्याचंही घर तिथंच.

तेवढ्यात दुसरा मेसेज. "पाणी गेलं. नळ बंद करा." लोक रस्त्यात थबकले. मागं वळले. तिसरा मेसेज. "पाणी आलं!" परत पळाले. कारण चाचण्या ढीगभर होत्या ना! आणि आज त्या पहिल्यांदाच ‘खरं’ सेटिंगमध्ये खऱ्या चालत होत्या. बंद कर, बंद कर म्हणून बटणं दाबतोय, तर भिंतीवरच्या चादरीवर एकेक ओळ हिरवी होत चाललीय. सगळं पास! एकही चूक नाही! असला शंभर नंबरी प्रोग्रॅम मी उभ्या जन्मात लिहिला नव्हता.

पण खरा घोळ पुढंच होता. चाचण्यांसाठी खोटे मेसेज लागतात, ते मीच मनानं लिहिलेले. कोण बघतंय? एक चाचणी होती लांबलचक मेसेज जातो का बघायची. लांब म्हणजे काय लिहायचं? सुचेना. तेव्हा शेजारी बिराजदार काकांच्या मोटरीचा आवाज चालला होता. मी लिहून टाकलं, "बिराजदार काका नळाला डायरेक्ट मोटर लावतात." आणि हेच वाक्य खाली डकवत गेलो, पानभर.

आता नळाला डायरेक्ट मोटर लावणं म्हणजे आमच्याकडं चोरीच्या वरचा गुन्हा. सगळ्या गल्लीचं पाणी एकटा ओढतो तो माणूस!

मांडवात आम्ही दोघंच उरलो होतो. काकांच्या एका हातात टॉवेल, एका हातात फोन. ते वाचत होते. खाली सरकवत होते, वाचत होते. संपेचना.

"अय्यय्यो," ते हळूच म्हणाले. "एन इदु? काय रे हे, दत्ता? मी? मी चेअरमन, आणि डायरेक्ट मोटर?"

"काका, ते खोटं आहे. चाचणीचं आहे!"

"खोटं आहे तर सगळ्यांना का पाठवलंस?"

टॉवेल त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला नाही. स्वतःचा घाम पुसला त्यानं.

लोक परत आले. हौद कोरडे, डोकी तापलेली. अर्धे माझ्यावर ओरडताहेत, अर्धे काकांकडं तिरके बघताहेत. काका म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दुरुस्तीचा मेसेज टाक." मी घाईघाईनं टाकला: "बिराजदार काका नळाला डायरेक्ट मोटर लावत नाहीत." त्यानं काय झालं? ज्यांनी पहिला मेसेज लांब म्हणून वाचला नव्हता, त्यांनी हा वाचला आणि विचारायला लागले, "का हो, लावत होते काय पयलं?"

ह्या गोंधळात माझ्या लक्षातच आलं नाही की आईचा फोनपण कॉलनीच्या यादीत आहे.

तासभर वादावादी चालली, तोवर मांडवापुढं रिक्षा थांबली. आतनं इरकल, ओटीची पिशवी आणि आई. वाटेत मोहोळलाच एसटी थांबवून उतरली होती! कारण? हौद वाहण्याच्या चाचणीला मी घर कुठलं घातलं होतं? आपलंच! "घर नंबर नऊ, तुमचा हौद भरून वाहतोय. सगळं पाणी रस्त्यावर." एसटीत बसलेल्या आईला हे आलं. सोलापुरात पाणी रस्त्यावर सोडलं, आणि तेही आपल्या दारातनं? कंडक्टर "आज्जी, माढा लांब हाय अजून" म्हणतोय, आणि आई म्हणतीय, "माढा राहू दे, आमच्या घराची अब्रू वाहून चाललीया!"

ती आली, तिनं कोरडा रस्ता बघितला, आधी हात जोडले. मग माझ्याकडं वळली. मी सगळं सांगितलं. जपून ठेवलेला निकाल, बाहेरचं सेटिंग, सगळं. तिनं ओटीची पिशवी खाली ठेवली.

"म्हंजी मी रोज इचारायची, नीट चालतंय न्हवं, आनि तू व्हय म्हनायचास. ते न तपासताच?"

"आई, कॉम्प्युटर तसं म्हणत होता."

"त्यो तुज्याकडनंच शिकला असंल. तुला जेवलास का म्हनलं तरी तू मान वर न करता व्हयच म्हनतोस."

माने मॅडम पहिल्यांदा हसल्या. मी मात्र त्या फेट्यात तोंड लपवावं म्हणत होतो. लोकांचं काही नाही हो, लोक विसरतात. पण माझ्या भरवशावर ती इतक्या वर्षांनी निघाली होती, आणि मीच तिला अर्ध्या वाटेतनं माघारी आणली. ते लागलं मला.

संध्याकाळी जेवायच्या आत दुरुस्ती केली. चाचण्यांतले मेसेज आता कुणाच्याच फोनवर जाणार नाहीत, सेटिंग काही असो. आणि सेटिंग बदललं की जुना निकाल बाद, सगळं पहिल्यापासून तपासायचं, असं त्या आळशी साधनाला बजावलं. काकांच्या घरी जाऊन पाया पडलो. काकू म्हणाल्या, "जाऊ दे ओ, पोरगं हुशार आहे, जरा जास्तच आहे." शेंगाचटणी बांधून दिली वर.

सोमवारी आईला म्हटलं, मीच पोचवतो तुला. स्वातीनं सुट्टी काढली होती, त्या दोघी एसटीनं आणि मी मागनं मोटरसायकलनं. घराची किल्ली काकांकडं. माढ्यात मावशीनं आईला दारातच मिठी मारली. पिंकीला झोपाळ्यावर बसवलं, बायका गाणी म्हणायला लागल्या, आत पुरणाचा वास सुटलेला. आई ओटी भरायला उठली, आणि तिचा फोन वाजला.

"पाणी आलं! हौदाचा नळ उघडा."

सगळी गाणी थांबली. मावशीनं कपाळाला हात लावला. आईनं मेसेज वाचला. मला एकदा बघितलं. मग फोन पिशवीत टाकला आणि मावशीला म्हणाली, "आन गं हळद-कुंकू हिकडं. पानी आलंय, बिराजदार भावजी नळ सोडत्याल. पोरानं दुरुस्त केलंय त्ये, आता न्हाय चुकायचं."

अभिमान म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं बघा. ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी मी माझा फोनपण बाहेर काढला.

कारण मी विचार करायला लागलो. खरंच आलं असंल का? दुरुस्तीत काही राहिलं असलं तर? कॉलनी परत पळाली असेल तर? काकांना फोन लावला, उचलेनात. परत लावला, उचलेनात. पुरणपोळीचं ताट समोर आलं. तूप सोडायला मावशी भांडं घेऊन उभी. आणि मी काय केलं? उठलो! मोटरसायकलला किक मारली आणि भर उन्हात सुटलो सोलापूरला.

कॉलनीत शिरलो तर सगळीकडं पाण्याचा आवाज. आमचा हौद काठोकाठ भरलेला, नळ बंद केलेला, वर झाकण. काका कट्ट्यावर पाय सोडून बसले होते.

"अरे, तू कशाला आलास?"

"काका, ते… पाणी खरंच आलंय का बघायला."

काका कट्ट्यावरनं खाली उतरले. "तुझा मेसेज आला, सगळ्यांनी हौद भरले. माने मॅडमनी त्यांच्या कॉलनीसाठी यंत्र मागितलंय. अख्ख्या जुळे सोलापुरात एवढ्या लांबनं बघायला आलेला तू एकटाच!"

तेवढ्यात आईचा फोन.

"पोचलास का घरी?"

"पोचलो, आई. हौद भरलाय. तू म्हणत होतीस तसंच."

"मला म्हाईत हाय. म्या स्वातीला बी ठिवून घेतलंय. आमी आता आठ दिस ऱ्हातो हितं. पानी बगायला तू हाईसच की घरी!"